कॅसेटवरचा वर्ग

पुस्तकांचा पहिला गठ्ठा घेऊन पोस्टमन आला, तेव्हा त्यावरचं नाव वाचून त्याने मला विचारलं, "थोरल्या मुलीचं का हो, मामी?"

"नाही. माझं आहे."

त्याने नाव पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. थोरली मुलगी नववीत, धाकटी सहावीत. माझी स्वतःची शाळा दहावीनंतर सुटली होती, कारण सतराव्या वर्षी लग्न झालं आणि मी तंजावरहून कुंभकोणमला आले. त्याबद्दल माझ्या मनात फार दुःख होतं असं नाही. पण मुलींच्या वह्या तपासताना, त्यांना यायच्या आत मला उत्तर येतं हे लक्षात यायचं, आणि मग वाटायचं की हे डोकं असं रिकामं ठेवण्यात काही अर्थ नाही.

एक दिवस आमच्या यजमानांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात माझ्यासमोर ठेवली. ते तिरुभुवनमच्या विणकर सहकारी सोसायटीत कारकून होते. सकाळी मायिलादुतुरैच्या बसने जायचे, दिवे लागायच्या वेळी परत यायचे. जाहिरात मुक्त विद्यापीठाची होती. बारावी झालेली नसली तरी चालेल, वयाची अट नाही, कॉलेजात रोज जायला नको, पुस्तकं टपालाने घरी येतील. आधी सहा महिन्यांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, त्याची परीक्षा, आणि ती पास झाली की पदवीला प्रवेश.

"हे खरं असेल का?" मी विचारलं.

"फॉर्म भर, म्हणजे कळेल," ते म्हणाले. "तू उत्तरं सांगतेस म्हणून मुलींना शिकवणी लावावी लागत नाही. एवढी उत्तरं येतात, तर एक परीक्षा तूही देऊन टाक."

इतकं साधं बोलणं होतं ते. घरात कुणी अडवलं, रडारड झाली, असं काही घडलं नाही. आमची माणसं तंजावरच्या मराठी राजवटीत इकडे आली आणि इथलीच झाली. घरात आमची ती जुनी, तमिळ शब्दांनी भरलेली मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. गावात आम्हाला 'रायर' म्हणतात, आणि आमच्या घरच्या बाईला लहानथोर सगळेच 'मामी'. अशा घरांत शिकण्याला कुणी नाही म्हणत नसे. बाईच्या शिकण्याला फक्त वेळ मिळत नसे, आणि तो आता पोस्टाने येऊ घातला होता.

पूर्वतयारीची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले. माझे वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि जेवताना आम्हा भावंडांना इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचे. त्यामुळे विद्यापीठाची पुस्तकं इंग्रजीत आहेत याचं मला काही वाटलं नाही. ते इतरांना किती जड जातं, हे मला अभ्यासकेंद्रावर कळलं.

अभ्यासकेंद्र म्हणजे गावातल्या एका कॉलेजच्या दोन खोल्या. दर रविवारी सकाळी तिथे वर्ग भरायचा. केंद्राचं काम एक वयस्क प्राध्यापक पाहायचे. उंच, सडपातळ, पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसणारे, आणि बोलताना प्रत्येक वाक्य संपल्यावर थांबणारे. पूर्वतयारीच्या पहिल्या रविवारी खोलीत बसायला जागा नव्हती. बस कंडक्टर, दवाखान्यातली आया, किराणा दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या बायका, एक निवृत्त हवालदार. सगळे नवी वही घेऊन आलेले. दोन महिन्यांनी पुढच्या दोन बाकांवर मावतील इतकेच उरले.

मी एकदा प्राध्यापकांना विचारलं, "सार, माणसं मधेच का सोडून जातात?"

"दार सगळ्यांना उघडं आहे," ते म्हणाले. "आत आल्यावर वाट दाखवायला कुणी नाही. पुस्तक येतं, पण ते कळत नाही. कळत नाही हे कुणाला सांगायचं, तर रविवारपर्यंत थांबायचं. आणि रविवारी घरी पाहुणे येतात."

विद्यापीठाने ऐकण्यासाठी कॅसेटही पाठवल्या होत्या. त्या केंद्राच्या कपाटात होत्या आणि कपाटाला कुलूप होतं. कुलूप उघडलं तरी त्या इंग्रजीत, आणि त्यातला आवाज इतका शुद्ध आणि इतका दूरचा की दवाखान्यातल्या आयाबाई म्हणाल्या, "हे गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत."

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना पूर्वतयारीच्या नव्या तुकडीत तिरुभुवनमचे एक विणकर आले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणू लागले. ते आमच्या यजमानांच्या सोसायटीचे सभासद, त्यामुळे ओळख पटकन झाली. त्यांच्या घरची भाषा सौराष्ट्री. तिच्यातले काही शब्द आमच्या मराठीच्या इतके जवळचे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघेही हसलो. शाळेत ते पाचवीपर्यंतच गेले होते. नंतर इंग्रजी अक्षरं स्वतःच शिकले, शब्द लावून लावून वाचायचे, पण एका पानाला एक दिवस लागायचा.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर ते म्हणाले, "मामी, माझे हात मागावर असतात आणि पाय खाली दाबायच्या पावड्यांवर. डोळेही साडीवरून हलवता येत नाहीत. कान मात्र दिवसभर रिकामे आहेत. तुम्ही हे पुस्तक तमिळमध्ये वाचून दाखवाल का?"

"रोज तिरुभुवनमला येऊन?"

"कॅसेटवर."

आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता. माझा धाकटा दीर आखातात नोकरीला होता, त्याने आणला होता. त्यावर मुली गाणी ऐकायच्या. मी अण्णांची कोरी कॅसेट घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून बसले. आमच्या गल्लीच्या मागे भांडी घडवणाऱ्यांची वस्ती. सकाळपासून पितळेवर हातोडी पडायची. एक ते तीन ते लोक जेवून आडवे होत, तेवढीच शांतता. त्या दोन तासांत मी पहिला धडा तमिळमध्ये सांगितला. वाचून नाही दाखवला. पुस्तक समोर ठेवलं आणि समोर अण्णा बसले आहेत असं धरून बोलले. "हे बघा, आता पान उलटा. आकृती दिसते का? डावीकडची रेघ आधी पाहा." मधेच कुकरची शिट्टी झाली तीही त्यात राहिली.

पंधरा दिवसांनी अण्णा म्हणाले, "आम्ही आठ जण ऐकतो."

"आठ जण कुठले?"

"एका पडवीत आठ माग आहेत. मी ऐकतो ते सगळ्यांनाच ऐकू येतं. त्यातले दोघे फॉर्म मागतायत."

मला झालेला आनंद मी लपवला नाही. मी मन लावून कामाला लागले. इंग्रजी, समाजशास्त्र, विज्ञान आणि गणिताची तोंडओळख, असा पूर्वतयारीचा सगळा अभ्यासक्रम मी सहा महिन्यांत कॅसेटवर चढवला. ज्याला हवी त्याने कोरी कॅसेट आणायची आणि भरून न्यायची. त्या कॅसेटवरून पुढे कुणाला भरून द्यायची असेल तर खुशाल द्यावी, असं मी प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला बोलून ठेवलं होतं. त्याचा मला फार अभिमान होता. विद्यापीठाचं दार उघडं होतं, मी भिंतही काढून टाकली, असं काहीसं माझ्या मनात असावं.

कार्तिक अमावास्येला मी तिरुविसनल्लूरला मठातल्या विहिरीच्या स्नानाला गेले होते; त्या दिवशी त्या विहिरीत गंगा येते म्हणतात. ओल्या केसांनी अग्रहारातून, म्हणजे तिथल्या ब्राह्मण आळीतून, परत येताना एका घरातून बाईचा आवाज आला. "आता पान उलटा. घाई करू नका." मी थबकले. दोन पावलं मागे गेले. ओसरीवर एक तरुण मुलगी पाय पसरून बसली होती, मांडीवर वही, शेजारी टेपरेकॉर्डर. तिने मान वर केली आणि विचारलं, "कोण हवंय?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "हा धडा कुठून मिळाला?"

"माझ्या आत्तेभावाकडून. त्याला बस कंडक्टरने दिला." मग ती म्हणाली, "ही कुंभकोणमची कुणी प्रोफेसर बाई आहे. छान सांगते."

मी प्रोफेसर नव्हे, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, असं मी तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून बाहेर पाहत मी बराच वेळ हसत होते.

पुढच्या जूनमध्ये पूर्वतयारीचा निकाल लागला. आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त जण पास झाले होते. अण्णाही पास झाले. रविवारी ते केंद्रावर आले तेव्हा सोबत तिरुभुवनमचे आणखी चौघे होते, आणि त्यांनी सगळ्यांसाठी जिलेबी आणली होती. वर्ग संपल्यावर ते मागे रेंगाळले. काहीतरी सांगायचं आहे, पण सांगता येत नाही, असा चेहरा.

"मामी, रागावणार नाही ना?"

"सांगा तर."

"गणिताच्या तिसऱ्या कॅसेटवर मध्यक आहे ना, तो तुम्ही चुकीचा सांगितलाय."

मध्यक म्हणजे आकड्यांच्या रांगेतला बरोबर मधला आकडा. पाच आकडे असतील तर तिसरा. मी तसंच सांगितलं होतं. पुस्तकातल्या उदाहरणात आकडे आधीच लहान-मोठे क्रमाने लावलेले होते, आणि मी नेमकं तेच सांगायचं विसरले होते, की आधी क्रम लावायचा आणि मगच मधला घ्यायचा. तो क्रम लावला नाही, तर मधला म्हणजे काहीही येऊ शकतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"आमच्या आठांपैकी पाच मागांवर एका साडीला किती दिवस लागले ते मांडून पाहिलं. नऊ, चौदा, आठ, एकवीस, दहा. तुमच्या रीतीने मधला आला आठ. मी म्हटलं, आठ तर सगळ्यांत लहान. सगळ्यांत लहान तो मधला कसा असेल? मग पुस्तकातल्या त्या पानाशी दोन दिवस झगडलो. त्यात एक शब्द होता, तो डिक्शनरीत पाहिला, आणि उलगडा झाला."

"हे कधीचं?"

"पोंगलच्या आधीचं. पाच महिने झाले."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

ते खाली पाहत म्हणाले, "तुम्ही एवढं करता. त्यात चूक कशी काढायची? माझ्या कॅसेटवर मी त्या जागी माझ्या आवाजात दुरुस्ती भरून घेतली. आमच्या पडवीतल्या सगळ्यांना बरोबर आलं. पण बाहेर गेलेल्या कॅसेटवर जुनंच आहे."

मी घरी येऊन तिसरी कॅसेट लावली. माझाच आवाज, ठाम, गोड, जराही न अडखळणारा. "पाच आकड्यांतला तिसरा घ्यायचा, झालं. इतकं सोपं आहे." मी ते तीन वेळा ऐकलं.

सोमवारी मी प्राध्यापकांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की ते म्हणतील, असू द्या, एवढं काय. ते तसं म्हणाले नाहीत.

"एक पुस्तिका छापायच्या आधी विद्यापीठात निदान चार-पाच जण वाचतात," ते म्हणाले. "तरी चुका राहतात. तुमची कॅसेट बाहेर जायच्या आधी कुणी ऐकली?"

"कुणी नाही."

"वर्गात मी चुकलो तर पुढच्या रविवारी सुधारतो, कारण माणसं तीच असतात. तुमची माणसं कोण आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. कॅसेटवरून कॅसेट भरली गेली होती. ती कुठे थांबली असेल ते सांगता येत नव्हतं. ज्याचा मला अभिमान होता, त्याच गोष्टीने मला कोंडीत पकडलं होतं.

"बंद करू का सार?"

"ते मी कसं सांगू? मी परवानगी दिली नव्हती, तर बंद करा असं तरी कसं म्हणू?" ते उठून माझ्यासाठी कॉफी घेऊन आले. पितळेचा पेला माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पण एक सांगतो. नापास झालेल्यांची यादी केंद्रावर आहे. पत्ते आहेत."

मी ती यादी उतरवून घेतली. सात नावं होती. त्या आठवड्यात मी दुरुस्तीची कॅसेट भरली. या वेळी सुरुवातीलाच सांगितलं की मी प्रोफेसर नाही, तुमच्यासारखीच विद्यार्थिनी आहे, माझ्याकडून चूक झाली आणि ती अशी. यजमानांनी सोसायटीतून येता-जाता तिच्या प्रती वाटायचं कबूल केलं. बस कंडक्टरनेही आपल्या वाटच्या घेतल्या. आणि मी यादीतल्या घरी एकेक करून जायला लागले.

पहिले चार जण गणितामुळे नापास झालेच नव्हते. एकाने तर परीक्षा दिली नव्हती. आमच्या तुकडीतून मागे राहून पुन्हा परीक्षेला बसलेल्या हवालदारांनी मला बसवून अर्धा तास त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. प्रत्येक घरातून बाहेर पडताना मला जरा हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची लाजही वाटत होती.

पाचवं नाव तिरुक्करुगावूरचं होतं. पापनाशमपर्यंत एक बस, तिथून दुसरी. देवळाच्या मागच्या रस्त्यावर बालवाडी होती आणि ती बाई तिथेच काम करत होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, सावळी, केसांत चमेलीचा आखूड गजरा. मुलं जेवून झोपली होती. ती पत्रावळी गोळा करत होती. देवळाला आलेल्या यात्रेकरूंपैकी कुणी असेन असं समजून ती म्हणाली, "देऊळ त्या बाजूला, अम्मा. आता बंद असेल. चारला उघडेल."

"मी तुमच्याकडेच आले आहे."

माझा आवाज ऐकताच तिचे हात थांबले. तिने मला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज ओळखला.

मी सगळं सांगितलं. तिने पत्रावळी टोपलीत टाकल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि मग समोर येऊन बसली.

"त्या प्रकरणावर तीन गणितं आली होती," ती म्हणाली. "तिन्ही मी तुमच्या रीतीने केली. मला ती इतकी येत होती की मी आधी तीच सोडवली."

"पुस्तकात..."

"पुस्तक पाहिलं होतं मी. क्रम लावा असं काहीतरी त्यात दिसत होतं. मला वाटलं, मला इंग्रजी कळत नाही म्हणून तसं दिसतंय. मी पुस्तकावर विश्वास ठेवला नाही. तुमच्या आवाजावर ठेवला." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मला सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. त्याला पदवी हवी. एक वर्ष गेलं."

मला रडू आलं असतं तर सोपं झालं असतं, पण ते आलं नाही. मी म्हणाले, "माझी चूक आहे. मी काय करू ते तुम्ही सांगा."

"दर शनिवारी या," ती पटकन म्हणाली. जणू उत्तर तयारच होतं. "इथे. मुलं गेल्यावर, साडेतीनला. मला कॅसेट नको. तुम्ही समोर बसा. मी विचारेन, तुम्ही सांगा. माझी खात्री होईपर्यंत."

"येते."

"आणि मी एकटी नाही. इथे आणखी तिघी आहेत. त्यांनी फॉर्म भरला नाही, कारण मी नापास झाले. त्या बसतील."

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडत होते तो वेळेचा. शनिवार म्हणजे मुलींची अर्धी शाळा, यजमान घरी, माझे स्वतःचे स्वाध्याय लिहायचे बाकी. घरी येऊन सांगितलं तर थोरली म्हणाली, "शनिवारचा स्वयंपाक मी करते, पण सांबार चांगलं झालं नाही तर बोलायचं नाही." आम्ही कुणीच बोललो नाही, आणि तीन महिन्यांनी ते खरंच चांगलं व्हायला लागलं.

ते शनिवार सोपे नव्हते. ती बाई माझ्यावर सहज विश्वास ठेवायला तयार नव्हती आणि तिला दोष देता येत नव्हता. मी काही सांगितलं की ती विचारायची, "पुस्तकात कुठे आहे ते दाखवा." मी दाखवायची. शब्द इंग्रजी असेल तर ती तो वहीत उतरवायची आणि अर्थ मला न विचारता डिक्शनरीत पाहायची. एकदा मी वैतागून म्हणाले, "अहो, एवढं तरी माझं ऐका." ती हसली. पहिल्यांदाच हसली. "ऐकते हो मामी. ऐकते आणि बघतेपण."

तिच्या त्या खोडीनेच माझ्या कॅसेटचा दुसरा जन्म झाला. मी सगळे धडे नव्याने भरायचं ठरवलं. या वेळी पद्धत बदलली. धडा भरला की कॅसेट आधी तिरुभुवनमला जायची. अण्णा मागावर बसून ऐकायचे आणि अडेल तिथे कागदावर लिहून यजमानांबरोबर पाठवायचे. "इथे तुम्ही फार भरभर बोलता." "इथे उदाहरण शहरातलं आहे, लूमचं द्या." "इथे मला वाटतं चूक आहे, पाहा." त्यांना चूक दाखवायची लाज वाटू नये म्हणून मी नियमच केला होता, की चूक सापडली नाही तरी निदान एक शंका लिहूनच पाठवायची. मग कॅसेट प्राध्यापकांकडे. ते रविवारी सकाळी वर्गाआधी केंद्राच्या खोलीत टेपरेकॉर्डरला कान लावून बसायचे. त्यांनी कधी शाबासकी दिली नाही, पण त्या कुलूपबंद कपाटाच्या एका कप्प्यात त्यांनी माझ्या कॅसेट ठेवायला सुरुवात केली आणि कपाटाची दुसरी किल्ली करून माझ्याकडे दिली.

आणखी एक गोष्ट मी जोडली. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी सांगायची, की हे पुस्तकाच्या अमुक पानांवर आहे, ती पानं एकदा स्वतः पाहा, आणि माझं आणि पुस्तकाचं जमत नसेल तर केंद्रावर येऊन मला सांगा. पहिल्या सहा महिन्यांत अकरा जण आले. चार जागी माझी चूक होती आणि दोन जागी चक्क पुस्तकाची. पुस्तकाच्या चुका प्राध्यापकांनी विद्यापीठाला लिहून कळवल्या. उत्तर आलं नाही, पण पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त झालेल्या दिसल्या. त्या दिवशी तिरुभुवनमच्या पडवीत पुन्हा जिलेबी आली.

तिरुक्करुगावूरची बाई पुढच्या परीक्षेत पास झाली. तिच्याबरोबरच्या तिघींपैकी दोघी पास झाल्या. तिसरीचं लग्न होऊन ती सेलमला गेली. मग त्या बाईने पदवीचा अभ्यास सुरू केला, चार वर्षांत पूर्ण केला आणि सुपरवायझर झाली. निकालाचं पत्र घेऊन ती आमच्या घरी आली होती. मी तिला पानसुपारी आणि रव्याची खीर दिली. जाताना ती म्हणाली, "मामी, त्या दिवशी तुम्ही आला नसता तर मी गप्प बसले असते. मला वाटलं असतं की मलाच येत नाही."

हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं. किती जणांना असं वाटलं असेल आणि ते गप्प बसले असतील, ते मला कळायला मार्ग नव्हता. यादीतलं सहावं नावही गणितामुळे अडलेलं निघालं नाही, आणि सातवं मला कधी सापडलंच नाही. तो पत्ता सोडून ते कुटुंब गेलं होतं. चुकीच्या कॅसेटची एखादी प्रत अजूनही कुठल्यातरी घरात असेल. ते मी मान्य केलं आहे. त्यासाठी काम थांबवणं मला पटलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. बंद कपाटातल्या निर्दोष कॅसेटपेक्षा माणसांत फिरणारी, चुकली तर सुधारता येणारी कॅसेट मला चालते. फक्त सुधारायची सोय तिच्याबरोबर जायला हवी.

अण्णांनी पदवी पूर्ण केली नाही. दुसऱ्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि नंतर त्यांनी परीक्षा सोडली. मी फार मागे लागले होते. ते म्हणाले, "मामी, मला कागद नको होता. मला कळायला हवं होतं. बरंच कळलं." केंद्राच्या वहीत त्यांची नोंद अर्धवट सोडणाऱ्यांत झाली. त्यांच्यासारखा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही. वह्यांमधले आकडे किती खरे मानायचे हे मला त्यामुळे कळलं.

मी बी.ए. झाले, मग त्याच पद्धतीने एम.ए.ही. नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा प्राध्यापक निवृत्त झाले आणि विद्यापीठाने मला केंद्रावर रविवारची मार्गदर्शक म्हणून नेमलं. तोवर काही पुस्तिका तमिळमध्ये यायला लागल्या होत्या. गावात कॉम्प्युटर शिकवणारी दुकानं निघाली होती आणि धाकटी मुलगी सांगायची की उद्या हे सगळे धडे कॉम्प्युटरवर असतील, जगात कुणालाही फुकट. मी तिला म्हणायची, "असू देत. छानच आहे. फक्त शंका विचारायला जागा ठेवा म्हणावं."

वर्गावरच्या माझ्या पहिल्या रविवारी खोली भरलेली होती. पाठीमागे उभं राहायलाही गर्दी. मी खडू हातात घेतला आणि नाव सांगायच्या आतच खिडकीजवळच्या एका पिकल्या केसांच्या माणसाने हात वर केला. तो मिठाईच्या दुकानात भट्टीवर कामाला होता, हे नंतर कळलं. त्याने पहिल्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर बोट ठेवून असा प्रश्न विचारला, की मला त्याचं उत्तर येईना. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"मला येत नाही," मी म्हणाले. "सगळ्यांनी चौथं पान उघडा. आपण मिळून पाहू."

पानांची फडफड झाली, आणि वर्ग सुरू झाला.